हिरवळीवरचा माग

मालेगावात वाढलेल्या मुलाला 'माग' हा शब्द शिकवावा लागत नाही. गिरणा आणि मोसम या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावात रात्रंदिवस यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. माग चालला तर चूल पेटते, एवढे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून मी पहिल्यांदा फळ्यावर 'माग काढणे' हा वाक्प्रचार लिहिला आणि त्याचा अर्थ विचारला, तेव्हा नववीच्या वर्गातून झटकन उत्तर आले, "आपा, माग विकायला काढणे!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग मी सांगितले, की माग म्हणजे जाणाऱ्याने मागे ठेवलेली खूण. पावलांवरून, वाकलेल्या गवतावरून, सांडलेल्या दाण्यांवरून गेलेल्याचा पत्ता लावायचा, म्हणजे माग काढायचा. उर्दूत आपण अशा माणसाला खोजी म्हणतो. मुलांनी वहीत लिहून घेतले. त्या वेळी मला स्वतःला माग काढता येत होता असे मात्र नाही.

ही गोष्ट २०१४ सालच्या हिवाळ्यातील आहे. बी. एड. होऊन मला नुकतीच नोकरी लागली होती. शाळा गावाच्या अगदी टोकाला. मागच्या भिंतीपलीकडे एक शेत, शेतापलीकडे बाभळींचे रान आणि त्याच्या मागे खडकाळ टेकडी. शाळेच्या मागच्या बाजूला आम्ही एक बाग केली होती. बाग म्हणजे काय, चाळीस फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद अशी हिरवळ आणि तिच्या कडेने फुलांचे वाफे. पण मालेगावच्या धुळीत ती हिरवळ टिकवणे सोपे नव्हते. मुलांनी उन्हाळाभर बादल्यांनी पाणी घातले होते. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मुलांनी आपापल्या खाऊच्या पैशांतून निशिगंधाचे दोनशे कंद आणले आणि एका वाफ्यात लावले. बागेची जबाबदारी माझ्याकडे होती आणि माझ्या हाताखाली सात-आठ मुले होती. त्यांत एक मुलगा सर्वांत पुढे असे. आपण त्याला सलीम म्हणू. त्याचे खरे नाव मी सांगणार नाही. तो आता मोठा झाला आहे आणि ही गोष्ट त्याच्यापेक्षा माझ्याबद्दल अधिक आहे.

सुट्टी संपून शाळा उघडली. थंडी पडू लागली होती. एका सकाळी मी लवकर आले आणि बागेकडे गेले. सगळी हिरवळ दवाने पांढुरकी दिसत होती, जणू कोणी तिच्यावर पातळ मलमल अंथरली होती. त्या मलमलीच्या मधोमध एक गडद हिरवा पट्टा होता. वीतभर रुंद. भिंतीच्या कोपऱ्यातील भगदाडापासून निघालेला, थोडासा वळलेला आणि निशिगंधाच्या वाफ्यापाशी संपलेला. वाफ्यातील माती उकरलेली होती. मी मोजले, सात कंद नाहीसे झाले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पट्टा, त्याच वाटेने. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात चाळीसच्या वर कंद गेले.

आता तर्क सुरू झाले. शिपाई म्हणाला, कोणीतरी गोणपाट ओढत नेले आहे, म्हणूनच गवत असे झोपले आहे. एका शिक्षकांना अजगराची शंका आली. दोन दिवस कोणीही बागेत पाय ठेवीना. रात्रीचे चौकीदार चाचा फाटकाजवळ शेकोटी करून बसत. ते म्हणाले, ही जिन्नातची वाट आहे, तिथे रात्री जाऊ नये. (चाचा तसेही रात्री तिथे जात नसत. शेकोटी सोडून कोण जाईल?) मुख्याध्यापकांचे मत साधे होते. ते म्हणाले, "बाई, अजगर कंद खात नाही आणि जिन्नातला निशिगंधाचे काय काम? ही मुलांची खोडी आहे."

मला ते पटले. आणि माझ्या डोळ्यांसमोर लगेच एक मुलगा उभा राहिला. शिपायाने सांगितले होते, की पहाटे पाचच्या सुमारास त्याने सलीमला मागच्या भिंतीजवळ पाहिले होते, एकदा नव्हे, दोनदा. त्या दिवशी मी वर्गात सलीमच्या चपलांकडे पाहिले. त्यांच्या कडांना ओली माती लागलेली होती. नखांतही माती होती. मला आणखी काय हवे होते?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच आठवड्यात मी वर्गाला प्रश्नार्थक वाक्ये शिकवली होती. मराठीत 'का' हा एवढासा शब्द. पण तो जागा बदलतो आणि अर्थ बदलतो. 'तू जेवलास का?' असे विचारले तर ती आपुलकी. 'तू का जेवलास?' असे विचारले तर पाहुणा पान सोडून उठेल! मुलांना हे उदाहरण फार आवडले होते. मधल्या सुट्टीत ती एकमेकांना तेच विचारत होती.

मी सलीमला उभे केले आणि सर्वांसमोर विचारले, "कंद का घेतलेस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. काही बोलला नाही.

"बोल, का घेतलेस?"

त्याने मान खाली घातली. ती मला कबुली वाटली. मी त्याला सांगितले, की उद्यापासून बागेत यायचे नाही. पाणी घालण्याची बादली दुसऱ्या मुलाकडे दिली. सलीम खाली बसला. त्याच्या शेजारचा मुलगा हळूच थोडा बाजूला सरकला, ते मी पाहिले. मला तेव्हा त्याचे काही वाटले नाही, हे आज लिहितानाही जड जाते.

त्यानंतर दोनच दिवसांनी सलीमच्या खालाच्या घरी लग्न निघाले. तो आईबरोबर धुळ्याला गेला आणि तीन दिवस शाळेत नव्हता. आणि त्या तिन्ही सकाळी हिरवळीवर पट्टा होता. तोच पट्टा, त्याच वाटेने, वीतभर रुंद.

पहिल्या सकाळी मी मनाशी म्हटले, त्याचा कोणी साथीदार असेल. दुसऱ्या सकाळी तसे म्हणवेना. तिसऱ्या सकाळी मी शाल गुंडाळली, पदर खोचला आणि भगदाडापाशी गुडघे टेकून बसले. तोपर्यंत मी तो पट्टा रोज पाहत होते. पण उभ्या उभ्या, लांबून. जवळ जाऊन त्याच्याकडे कधी नीट बघितलेच नव्हते.

जवळून पाहिले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले, की पट्ट्यातील गवत तुटलेले नव्हते, चेंगरलेलेही नव्हते. फक्त त्यावरचे दव झटकले गेले होते. म्हणून तो भाग गडद दिसत होता. गोणपाट ओढले असते तर पाती एका दिशेला लोळली असती. आणखी वाकून पाहिले, तर त्या गडद पात्यांवरही अगदी बारीक नवे थेंब धरले होते. म्हणजे तिथून जे गेले ते नुकतेच गेले नव्हते. दव झटकले गेल्यानंतर पुन्हा थोडे दव पडायला वेळ मिळाला होता. पहाटे पाचला कोणी गेले असते तर तो पट्टा कोरडा दिसला असता. जाणारा मध्यरात्रीच्या आसपास येऊन गेला होता.

वाफ्यात मला एक अर्धवट खाल्लेला कंद मिळाला. त्यावर दोन-दोन खाचा शेजारी शेजारी होत्या, छोट्या पटाशीने कोरल्यासारख्या. माणसाच्या दातांच्या नव्हेत. आणि वाफ्याच्या मऊ मातीत, उकरलेल्या खड्ड्यांच्या बाजूला, बारीक समांतर रेघा उमटल्या होत्या. खराट्याने हलकेच झाडल्यासारख्या.

चौथ्या दिवशी सलीम आला. मधल्या सुट्टीत मी त्याला बागेत बोलावले. तो हिरवळीच्या कडेला उभा राहिला. मी मना केले होते ना, म्हणून तो आत पाय टाकीना. मी म्हणाले, "ये. मला एक गोष्ट कळत नाही. तू बघून सांग." तो उकिडवा बसला आणि त्या रेघांवरून बोट फिरवत म्हणाला, "आपा, हे ताण्यासारखे आहे."

ताणा म्हणजे कापडातील उभे सूत. मागावर ते शेकडो धागे सारख्या अंतराने ताणून बसवलेले असतात. त्याच्या वडिलांच्या मागावर त्याने ते जन्मापासून पाहिले होते. "एक काडी असती तर एकच रेघ आली असती," तो म्हणाला. "हे पुष्कळ आहेत, आणि सगळे बरोबर चाललेत. अंगालाच लावलेले असणार."

अंगाला लावलेल्या काड्या! आम्ही दोघेही एकमेकांकडे बघत राहिलो. तरी मला नाव सुचले नाही.

गवतावर पाऊल उमटत नाही. पाऊल उमटण्यासाठी बारीक, सपाट जमीन लागते. वाघाची गणना करणारे लोक हेच करीत असत. ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ साली पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली आणि १९७२ च्या देशव्यापी गणनेत ती वापरली गेली. जंगलातील वाटेवर बारीक मातीचा थर पसरायचा, सकाळी जाऊन ठसे काचेवर रेखाटून घ्यायचे. पुढे या पद्धतीतील चुका ध्यानात आल्या. एकाच वाघाचे ठसे कोरड्या मातीत वेगळे आणि ओल्या मातीत वेगळे दिसत, आणि एक वाघ दोनदा मोजला जाई. २००६ च्या गणनेपासून त्या पद्धतीऐवजी जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेतला जाऊ लागला. ठसा खोटे बोलत नाही असे म्हणतात. पण वाचणारा चुकू शकतो.

आमच्याकडे कॅमेरा नव्हता. राख होती. सलीमच्या गल्लीजवळ सुताला खळ लावण्याचा कारखाना आहे. त्याला आम्ही सायझिंग म्हणतो. तिथल्या बॉयलरची बारीक राख त्याने पिशवीभर आणली. मुलींनी ती पिठाच्या चाळणीने चाळली. शाळा सुटल्यावर भगदाडासमोर चार फूट लांबीचा राखेचा पट्टा आम्ही पसरला आणि फळीने सपाट केला. चौकीदार चाचा दुरून बघत होते. "जिन्नातला राख कशाला?" असे पुटपुटत ते शेकोटीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वीच अर्धा वर्ग भिंतीपाशी जमला होता. राखेत पावले होती!

आम्ही ती आलेखाच्या कागदावर उतरवून घेतली. मग एकेक नाव घ्यायचे आणि ते टिकते का ते पाहायचे, असा खेळ सुरू झाला. कुत्रा? कुत्र्याच्या ठशात चार बोटे दिसतात आणि पुढे नखांचे टोक. इथे मागच्या पावलाला पाच बोटे होती. मांजर? मांजर चालताना नखे आत ओढून घेते. इथे नखे स्पष्ट होती. डुक्कर? डुकराला खूर असतात. घूस? घुशीचे पाऊल एवढे मोठे नसते. मागच्या पावलाची टाच पूर्ण टेकलेली होती, अगदी लहान बाळाच्या तळव्यासारखी. एक मुलगी तर घाबरून म्हणाली, "आपा, हे बाळ आहे!" आणि दोन्ही बाजूंना राखेत तेच ताण्याचे धागे.

त्या मुलीनेच शेवटी कोडे सोडवले. ती भगदाडापासून मागे सरकली आणि तिचा पाय कशावर तरी पडला. विटांच्या फटीत अडकलेली, वीतभर लांबीची, गुळगुळीत काडी होती ती. एक पट्टा काळा, एक पांढरा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा. टोक सुईसारखे.

चौकीदार चाचा घरी निघाले होते. ते पाहताच दोन पावले मागे सरले. "साहीचा काटा! टाकून द्या तो. ज्या घरात हा काटा राहतो तिथे भांडण लागते."

साही म्हणजे साळिंदर. मराठीत त्याला सायाळ किंवा साळू असेही म्हणतात. आमच्या घरांतून या काट्याविषयी जो समज आहे तो चाचांनी सांगितला. गंमत अशी, की जुन्या हिंदू घरांत गर्भवतीच्या सीमंतोन्नयन नावाच्या मंगल विधीत तिचा भांग साळूच्याच काट्याने पाडण्याची रीत होती. एकाच काट्याची एका घरात भीती आणि दुसऱ्या घरात मान. साळिंदराला बिचाऱ्याला दोन्हींची खबर नाही.

भिंतीपलीकडच्या शेताचे मालक वयस्कर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना कागदावरचे ठसे दाखवले तर ते हसू लागले. "बाई, मला आधी विचारायचं की! माझी रताळी कोण खातंय? टेकडीवर बीळ आहे त्याचं. मुळं, कंद, पडलेली फळं, काय वाटेल ते खातंय. दिवसा झोपतंय, रात्री निघतंय. आणि एकदा वाट धरली की रोज तीच." त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. साळिंदर बिथरले की काटे फुलवते आणि शेपटीचे पोकळ काटे हलवून खुळखुळ असा आवाज करते. काटे फेकून मारते, ही मात्र लोकांची समजूत. ते उलटे फिरून शत्रूच्या अंगावर धावते आणि काटे शत्रूच्या अंगात रुततात. जिम कॉर्बेट यांनी मुक्तेसरच्या ज्या नरभक्षक वाघिणीविषयी लिहिले आहे, तिचा एक डोळा साळिंदराच्या झटापटीतच गेला होता आणि पन्नासएक काटे तिच्या अंगात शिरले होते. हे मी नंतर वाचले.

खुळखुळ हा शब्द ऐकला आणि सलीम एकदम म्हणाला, "मी ऐकलाय तो आवाज! कांड्यांची टोपली हलवल्यासारखा. मी पळालो होतो."

कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालतात ती आडव्या सुताची गुंडाळी. पण माझे लक्ष कांड्यांकडे नव्हते. मी विचारले, "कधी ऐकलास? तू रात्री इथे काय करत होतास?"

मग सगळे बाहेर आले. त्याचे वडील रात्रपाळीला असत. पहाटे तो त्यांच्यासाठी चहा घेऊन कारखान्यात जाई. जवळची वाट आमच्या मागच्या भिंतीवरून होती. भगदाडाबाहेर त्याला रोज काही कंद पडलेले दिसत. अर्धे खाल्लेले तो टाकून देई. जे चांगले असत ते उचलून, कडेकडेने आत येऊन, तो पुन्हा वाफ्यात लावी. अकरा कंद त्याने असे परत लावले होते. चपलांची माती ती. नखांतली माती ती.

"मग त्या दिवशी वर्गात बोलला का नाहीस?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "आपा, तुम्ही 'का घेतलेस' असे विचारलेत. 'घेतलेस का' असे विचारले असतेत, तर मी 'नाही' म्हणालो असतो. 'का घेतलेस' याला 'नाही' हे उत्तर कसे द्यायचे?"

मला काही बोलता आले नाही. अण्णांनी उगाच टोपी काढून झटकली.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्यापूर्वी मी वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, "सलीमने कंद घेतले नव्हते. मी न बघता बोलले होते. मी चुकले." वाक्ये तीनच होती. पण बी. एड. च्या सराव पाठांत निरीक्षक मागे बसलेले असतानाही माझा आवाज इतका कापला नव्हता. वर्ग शांत होता. सलीम वहीत काहीतरी लिहीत असल्याचे दाखवत होता. बाजूला सरकलेला तो मुलगा परत जवळ बसला होता की नाही, हे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. बादली मात्र त्या दुपारी सलीमच्या हातात होती.

आता साळिंदराचे काय करायचे? शिपाई म्हणाला, भगदाडात फास लावू. कोणी विषाचे नाव घेतले. अण्णांनीच त्यांना गप्प केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साळिंदराला संरक्षण आहे, त्याला मारणे गुन्हा आहे, हे मी सांगितले. पण कायद्यापेक्षा मुलांचे म्हणणे अधिक चालले. ते आमचे पाहुणे आहे, असे त्यांनी ठरवून टाकले होते. आम्ही भगदाडात मोठे दगड रचले, कारण साळिंदर माती उकरते; दगडांच्या पुढे जाड जाळी बसवली. दोन सकाळी जाळीसमोरच्या राखेत ठसे दिसले. पाहुणे येत होते, दार बंद बघून परत जात होते. तिसऱ्या सकाळी राख तशीच सपाट होती आणि हिरवळीवर दव अखंड होते. मला, खरे सांगते, थोडे चुकल्यासारखे वाटले.

तो काटा मी फेकला नाही. माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. अम्मींना मी तो दाखवलेला नाही. भांडण लागलेच तर कारण त्यांना आयते मिळायचे!

दहावीचा निकाल घेऊन सलीम शाळेत आला, तेव्हा आम्ही बागेत उभे होतो. निशिगंध फुलला होता. त्याने भिंतीच्या कोपऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "आपा, तुम्ही साळिंदर पाहिलेत का?"

"नाही रे," मी म्हणाले. "तू पाहिलेस का?"

"नाही," तो म्हणाला.